छोट्या पाकिटात फक्त मतपत्रिका

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले की शाळेच्या नोकरीतली शेवटची चौदा वर्षं मी आमच्या गावची बीएलओही होते. झालं! या महिन्यातली निम्मी पत्रं मतदार यादीचीच. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नावात अधिकारी असला तरी खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फॉर्म आणि मागे गल्लीतली कुत्री, असं ते पद असतं. बऱ्याच पत्रांचा रोख टपाली मतदानाकडे आहे, म्हणून त्यातली पाच निवडली.

‘बाई, सासूबाईंना ८७ वर्षं पूर्ण झाली. मांडीचं हाड मोडल्यापासून जिना उतरवत नाही. म्हाताऱ्या माणसांना मतपत्रिका पोस्टानं घरी येते असं ऐकलं. आमचे हे म्हणतात, आली की मी भरून टाकतो. चालेल का?’ — सौ. वि. कु., वाई

ताई, आधी त्यांना सांगा, पेन खिशात ठेवा. आईचं मत आईच देणार.

नाव टपाली असलं तरी या मतदानात पोस्टमन कुठेच नाही. मतदान पथकच घरी येतं. त्यासाठी फॉर्म भरायचा तो बारा डी. आधी वयाची अट ८० होती, मार्च २०२४ पासून ती ८५ आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर वयाची अट नाही, फक्त प्रमाणपत्राची प्रत जोडायची. हा फॉर्म निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत जावा लागतो आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आमच्या सातारा मतदारसंघात २०२४ च्या लोकसभेची अधिसूचना १२ एप्रिलला निघाली, म्हणजे मुदत १७ पर्यंत, आणि १७ ला रामनवमी. मी सुंठवडा खात खात शेवटचे तीन फॉर्म गोळा केले. फॉर्म न्यायला बीएलओनं तुमच्याकडे यायचं असतं. तरी वाट बघत बसू नका, तुमच्या केंद्राचा बीएलओ कोण ते आजच शोधून ठेवा. १९५० या क्रमांकावर फोन केलात तरी सांगतात.

वय यादीतलं धरतात. आपल्याकडच्या आज्यांच्या जन्मतारखा अंदाजपंचे लिहिलेल्या. यादीत सासूबाई ८२ च्या दिसत असतील, तर फॉर्म ८ भरून आत्ताच दुरुस्ती करून घ्या. निवडणूक लागल्यावर ‘अहो, त्या प्लेगच्या सालातल्या’ वगैरे सांगून उपयोग होत नाही.

घरी नेमकं काय होतं ते बघायला मिळालं, कारण पथकाला वाट दाखवायला मीच गेले होते. आजी एक्क्याण्णव वर्षांच्या. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला, आणि उमेदवारांकडून एक पोरगा आला होता. पुठ्ठ्याचा आडोसा पाटावर उभा केला आणि आजींना भिंतीला टेकून बसवलं. मतपत्रिका हातात दिली तशी त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, ‘शिक्का कुठाय?’ मधली पंचवीस वर्षं त्यांनी यंत्राचं बटण दाबलं होतं, पण कागद हातात आल्यावर जुना शिक्काच आठवला. इथे शिक्का नसतो, पेनानं खूण करायची. त्याआधी प्रतिज्ञापत्रावर त्यांचा अंगठा घेतला होता. अंगठा घेतल्या घेतल्या त्या कर्मचाऱ्यानं फडकं काढून आजींचं बोट अगदी नखाच्या कडेपर्यंत पुसलं. मला वाटलं, किती हा नीटनेटकेपणा. मग लक्षात आलं, शाईचं बोट मतपत्रिकेला लागलं तर मतदार ओळखता येईल अशी खूण झाली, आणि मत बाद. मुलगा मागून वाकून बघत होता. आजी म्हणाल्या, ‘बाळ्या, बाहेर हो.’ बाळ्या बासष्ट वर्षांचा. झाला बाहेर.

ज्यांना दिसत नाही किंवा हात चालत नाही, त्यांना मदतीला माणूस घेता येतो. तुमच्या सासूबाईंचा हात चालतो ना? मग नको.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पथक यायची तारीख-वेळ आधी कळवतात. तुम्ही नसलात तर ते आणखी एकदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. आणि एकदा बारा डी मंजूर झाला की केंद्रावरच्या यादीत नावापुढे ‘पीबी’, म्हणजे पोस्टल बॅलट, अशी नोंद पडते. मग मतदानाच्या दिवशी बरं वाटलं म्हणून रिक्षा करून गेलात, तरी मतदान करता येत नाही.

‘मी ग्रामपंचायत अधिकारी. दर निवडणुकीला ड्युटी लागते, टपाली मत देतो. पण ऑफिसातले म्हणतात, फरक मोठा असेल तर टपाली पाकिटं फोडतसुद्धा नाहीत. खरं का?’ — ए. पा., माण

साफ खोटं. मोजणी सकाळी आठला सुरू होते ती टपाली मतांपासूनच. फरक मोठा आहे की छोटा हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नसतं. आणि फरक किती छोटा असू शकतो हे मुंबई उत्तर पश्चिममध्ये २०२४ साली दिसलं. यंत्रातल्या मतांत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते, टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद झालेली टपाली मतं १११ होती. फरकापेक्षा ती जास्त म्हणून पुन्हा तपासावी लागली.

ती १११ का बाद झाली असतील? कारणं वेगवेगळी असणार, पण स्टाफरूममध्ये मी जे डोळ्यांनी पाहिलंय ते सांगते, कारण मतांचा जीव खरा जातो तो इथे. तुम्हाला दोन पाकिटं मिळतात, एक छोटं आणि एक मोठं. मतपत्रिकेवर खूण करायची, ती छोट्या पाकिटात घालून बंद करायचं. त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक असतो. प्रतिज्ञापत्र, म्हणजे तेरा ए, त्यावरही तोच क्रमांक, तुमची सही आणि अधिकाऱ्याची साक्षांकित सही. हे प्रतिज्ञापत्र छोट्या पाकिटाच्या बाहेर राहायला हवं. छोटं पाकीट आणि प्रतिज्ञापत्र, दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात. आमचे एक गुरुजी फार व्यवस्थित माणूस. सगळे कागद एकत्र राहावेत म्हणून त्यांनी प्रतिज्ञापत्रही घडी घालून छोट्या पाकिटातच ठेवलं, डिंक लावला, वरून हात फिरवला. मोजणीच्या टेबलावर मोठं पाकीट उघडतात, प्रतिज्ञापत्र शोधतात. सापडलं नाही, सही नाही किंवा क्रमांक जुळत नाही, तर छोटं पाकीट उघडतच नाहीत. न फोडता बाजूला ठेवतात. तुमच्या ऑफिसातली अफवा कदाचित अशाच एखाद्या पाकिटावरून उठली असेल.

मतपत्रिकेवर सही करू नका. हसू नका, करतात लोक. आयुष्यभर प्रत्येक कागदावर सही करायची सवय लागलेली असते.

पूर्वी ही पाकिटं खरोखर टपालानं यायची. २००९ च्या विधानसभेला माझी ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात होती. बारा नंबरचा फॉर्म वेळेत भरून दिला होता. मोजणी २२ ऑक्टोबरला झाली आणि माझी मतपत्रिका आली २५ ला, भाऊबीज होऊन गेल्यावर. कुठे अडकली कुणास ठाऊक; ज्याला विचारावं तो पुढच्या टेबलाकडे बोट दाखवायचा. दोनशे मतदारांची मतं घेतली मी त्या केंद्रावर आणि माझंच राहिलं. ते पाकीट अजून कपाटात आहे. २०२३ साली नियम बदलला ते फार बरं झालं. आता ड्युटीवरच्या माणसानं सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तिथेच खूण करायची आणि तिथेच द्यायची. प्रशिक्षणाला जाल तेव्हा घाई करून एसटी पकडू नका, आधी मत देऊन या.

आणि तुमची ड्युटी तुमच्याच मतदारसंघात असेल तर टपाली मताच्या भानगडीत पडू नका. बारा ए भरून ईडीसी, म्हणजे निवडणूक ड्युटीचं प्रमाणपत्र, मागा. ते प्रमाणपत्र दाखवून ड्युटीच्या केंद्रावर, यंत्रावरच मत देता येतं.

‘मी निलंग्याची, पुण्यात हॉस्टेलला आहे. १२ ऑगस्टला १८ पूर्ण होतील. नाव कुठे नोंदवू? आणि गावचं मत पुण्यातून पोस्टानं पाठवता येईल का?’ — एक विद्यार्थिनी

पोस्टानं नाही गं. ते ठरावीक लोकांसाठी आहे: सैन्यातले, निवडणूक ड्युटीवरचे, ८५ च्या पुढचे, दिव्यांग, काही अत्यावश्यक सेवांतले, शिवाय प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेले. परीक्षा आहे, गाडीला गर्दी आहे, यात बसत नाही. मला स्वतःला हे पटत नाही. पुण्यात शिकणारी आणि कारखान्यांत राबणारी लाखो माणसं अशीच राहतात. पण आज नियम हा आहे.

म्हणून नाव कुठे नोंदवायचं ते विचार करून ठरव. विद्यार्थ्यांना हॉस्टेलचा पत्ताही चालतो, गावच्या घराचाही. दोन्हीकडे मात्र नाही; फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. मतदानाच्या दिवशी तू खरोखर कुठे असशील, तिथे नाव घाल. पहिल्यांदाच नोंदवतेयस म्हणून फॉर्म ६. पुढे पत्ता बदलला की फॉर्म ८, तेव्हा पुन्हा ६ भरू नकोस. दोन दोन नावं होतात ती यातूनच. पूर्वी फक्त १ जानेवारीचं वय बघायचे, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही आहेत. तू १ ऑक्टोबरात बसतेस, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे आजही. निवडणूक जाहीर झाली तरी नोंदणी लगेच थांबत नाही, पण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी तुझा फॉर्म पोचलेला हवा, कारण हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात.

कार्ड हातात आलं म्हणून निर्धास्त राहू नकोस. मत देता येतं ते यादीत नाव असेल तर. दर निवडणुकीआधी यादी बघ.

‘मी सध्या मुलाकडे कॅलिफोर्नियात, सहा महिन्यांसाठी. सून इथली नागरिक. तिला मतपत्रिका घरपोच आली, तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरली आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आली. मला इथून साताऱ्याचं मत असं पाठवता येईल का? मुलाचंही सांगा, त्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे.’ — श्रीमती सु. दे.

काकू, तुम्हाला नाही आणि मुलालाही नाही. तुम्ही तात्पुरत्या गेलाय, तेवढ्यानं यादीतलं नाव जात नाही. परत आलात की मत द्या. मुलगा तिथे राहतो आणि पासपोर्ट भारतीय आहे, तर त्यानं फॉर्म ६ ए भरावा. पासपोर्टवर इथला जो पत्ता आहे त्या मतदारसंघात नाव लागेल. ही सोय २०११ पासून आहे. त्याला मतदार ओळखपत्र मिळत नाही, मूळ पासपोर्ट दाखवून केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. म्हणजे विमानाचं तिकीट आलंच. टपाली मताची मागणी जुनी आहे, अजून ती मिळालेली नाही. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं की इथलं मत संपलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी.

सूनबाईंना विचारा, त्यांच्या पाकिटावर सही होती ना? तिथे ती सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात, साक्षीदार लागत नाही. २०२४ साली तिथे मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असेल, तर पाकीट नंतर सात दिवसांत पोचलं तरी धरत होते. आपल्याकडे शिक्क्याला किंमत नाही. मोजणी सुरू होण्याआधी पोचलं तरच मत, नाहीतर माझ्या कपाटातल्यासारखा कागद.

‘मालक फौजेत, सीमेवर आहेत. मागल्या वेळी मत आलंच नाही म्हणाले. त्यांच्या वतीनं मी देऊ शकते का?’ — सौ. रू. ज., सातारा तालुका

देऊ शकतेस, पण त्याला रीत आहे. जवानांची नावं गावच्या यादीच्या शेवटच्या भागात, सेना मतदार म्हणून असतात, आणि ती युनिटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत लागतात. तिथे नाव आहे का ते आधी बघायला सांग. गावात नेहमीच्या यादीतही त्यांचं नाव राहिलं असेल तर ते काढून घ्या. नाव लागलं की मतपत्रिका संगणकावरून पाठवतात, युनिटमध्ये छापून घ्यायची, पाकिटं तीच दोन, परत मात्र टपालानं. त्या परतीच्या वाटेवर वेळ जातो.

नाहीतर प्रतिनिधी नेमायचा. त्यांनी फॉर्म तेरा एफ भरून तुला नेमलं, की मग त्यांना टपाली मत येत नाही; त्यांचं मत तू केंद्रावर देतेस, आणि स्वतःचं वेगळं. तू गावात राहतेस आणि गावच्या यादीत तुझं नाव आहे, तेव्हा काही अडचण नाही. फक्त विश्वासाचा मामला आहे, कुणाला द्यायचं ते त्यांनी तुला सांगितलेलं असणार, आणि आत तू एकटीच असणार!

स्वतःच्या मताची शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात, प्रतिनिधी म्हणून दिलेल्या मताची मधल्या बोटाला. आमच्या केंद्रावर अशी एक बाई आली होती, तुझ्याच वयाची. मत देऊन शंभर मीटरच्या रेषेबाहेर गेली, चिंचेखाली थांबली, फोन लावला आणि शाईची दोन्ही बोटं पडद्यासमोर धरली. रेंज नव्हती. सावली सरकेपर्यंत ती तशीच बोटं धरून उभी होती.