ओक बेटाचा खजिना आणि आपल्याकडचे हंडे

चि. ओवी,

अनेक आशीर्वाद.

कॅनडातल्या ओक बेटावर चाच्यांनी पुरला म्हणतात त्या खजिन्याबद्दल शाळेत ऐकलंस आणि विचारलंस, 'सात माणसं मेल्याशिवाय तो सापडणार नाही म्हणे. आई, मराठवाड्यातही असं मानतात का?'

मानतात. फक्त आपल्याकडे समुद्र नाही आणि चाचेही नाहीत. आपल्याकडे गढ्या, पडके वाडे आणि आड. माझी आजी सांगायची, गढीत मोहरांचा हंडा पुरलेला असतो, त्यावर भुजंग राखण करतो. नशिबात नसलेल्यानं उकरला तर आत कोळसे निघतात. अमावास्येला हे हंडे साखळ्या ओढत जमिनीखालून एका आडातून दुसऱ्या आडात जातात. पिंपळावरचा मुंजा तर रोजचाच! आम्ही गोधडीत पाय आखडून ऐकायचो आणि 'अजून एक' म्हणायचो. या गोष्टी तूही ऐकाव्यास असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्या मुळाशी खरं काहीतरी आहे. आपला मुलूख फार लुटला गेला. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरीचा खजिना नेला. पुढे निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या धाकानं माणसं रातोरात घरं सोडून गेली. आजी म्हणायची, जाताना बायका दागिने चुलीखाली पुरून जायच्या. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली, लोक परतले. पण जागा ठाऊक असलेलं माणूसच परतलं नाही, तर ते सोनं कुणाला सापडणार? हंड्यांच्या गोष्टी अशा घरांतूनही निघाल्या असणार.

पण 'धन बळी मागतं' हे मी मानत नाही, आणि तू गंमत म्हणूनही मानू नकोस. पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला, जमिनीतलं धन दिसतं अशी समजूत आहे. त्यापायी गुप्तधन शोधणाऱ्यांची नजर पायाळू लेकरांवर जाते. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी तो कायदा आला. गुप्तधनाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं त्यात गुन्हा ठरवली आहेत.

आता तुझं बेट. तिथली माणसं कशानं गेली ते बघ. 1861 मध्ये पंपाचा बॉयलर फुटून एक जण गेला. 1965 च्या ऑगस्टमध्ये खजिना शोधणारे रॉबर्ट रेस्टॉल खणलेल्या खड्ड्यातल्या विषारी वायूनं कोसळले. त्यांना काढायला मुलगा उतरला, मागोमाग आणखी दोघं. चौघंही गेले. ओवी, हे वाचताना मला आपल्या विहिरीच आठवल्या. गाळ काढायला एक उतरतो, गुदमरतो, त्याला वाचवायला भाऊ उतरतो. म्हणून जुनी माणसं आधी पेटता कंदील दोरानं खाली सोडायची. विझला की कुणी उतरायचं नाही. यात शाप कुठे आला? जीव तोडून धावलेल्या माणसांना 'सातांतले आता किती उरले' म्हणून मोजणं मला सहन होत नाही.

सुट्टीत गावी गेलो की आबांना गढीची गोष्ट विचार, ते रंगवून सांगतात. आत मात्र एकटी जाऊ नकोस. भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत, पावसानं खचल्यात.

तुझी,
आई