दुष्काळ सोसला, मग आता झोप का उडते?

"ताई, बहात्तरच्या दुष्काळात तांबडी मिलो ज्वारी खाऊन जगलो. मग आताच का हातपाय गळतात?" सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत टेकता टेकताच सहासष्ट वर्षांच्या काकांनी विचारलं. थोड्याफार फरकानं हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काका मूळचे आटपाडी तालुक्यातले. १९७२ मध्ये बारा वर्षांचे. वडील नव्हते. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली, वाट्याची सुकडी (कामावर मिळणारा कोरडा खाऊ) धाकट्या बहिणीसाठी खिशातून घरी नेली. पुढं साखर कारखान्यात नोकरी, दोन खोल्यांचं घर, मुलीचं लग्न. निवृत्तीची सगळी रक्कम जादा व्याजासाठी एका पतसंस्थेत ठेवली आणि ती बुडाली. उरली महिना दोन हजारांच्या आतली पेन्शन.

रुमाल काढताना त्यांच्या खिशातून कागदाची पुडी पडली. रक्तदाबाच्या गोळ्या, ब्लेडनं अर्ध्या केलेल्या.

"काकूंना माहीत आहे?"

मान खाली. पैसे बुडाल्याचंसुद्धा काकूंना ठाऊक नव्हतं. आठ महिने.

लहानपणी सोसलं की माणूस टणक होतो, असं आपण सर्रास म्हणतो. मला ते पटत नाही. मी विचारलं, तेव्हा कसं निभावलंत? "सगळा गावच उपाशी होता, ताई. आई चल म्हणायची, रांगेत उभं राहायचो." आणि आता? "आता बाजारातनं मागच्या बोळानं घरी येतो. कुणी विचारलं तर?"

तेव्हाच्या उपासमारीत लाज नव्हती, सोबत होती. शिवाय बारा वर्षांच्या पोरापुढं आख्खं आयुष्य पडलेलं होतं. आता पुन्हा कमवायला वर्षं कुठून आणणार? म्हणून ती जुनी भूक उठून बसते. काका खचले, यात त्यांचा काहीही दोष नाही.

पुढच्या खेपेला ते काकूंना घेऊन आले. काकू रडल्या, मग चिडल्या. पैशांवरून नव्हे. "आठ महिने मला परकी ठेवलीत," एवढंच म्हणाल्या. काका बराच वेळ भिंतीकडं बघत होते. हिशेबाची वही त्या दिवसापासून काकूंकडं गेली.

बाकीचं व्यवहाराचं. गोळी स्वतःच्या मनानं अर्धी करायची नाही हे डॉक्टरांकडून वदवून घेतलं. त्यांनीच जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी लिहून दिली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हेही काकांना तेव्हाच कळलं. "मी अडाणी," म्हणत कपाळावर हात मारून घेतला. मी सांगितलं, हे शिकलेल्यांनाही ठाऊक नसतं. पैसे परत मिळतील असं मात्र मी म्हटलं नाही. खोटा दिलासा मी देत नाही.

ठेवीदार मिळून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं अर्ज करणार होते. काका त्या बैठकीला कसेबसे गेले. कारखान्यातलेच दोघं तिथं भेटले, तेही मागच्या बोळानं घरी जाणारे. आता अर्जांचं लिखाण काकांकडं आहे. अक्षर सुरेख आहे त्यांचं.

परवा आले होते. रात्री तीनला जाग अजून येते म्हणाले. "पण आता हिला उठवतो. ती चहा टाकते."