नुसत्या लोकसंख्येवरून छोटं शहर कळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की दोन ग्रामीण शहरांची लोकसंख्या जवळपास सारखी असूनही एक गजबजलेलं आणि दुसरं ओस का वाटतं. जनगणनेचे तक्ते आणि नकाशे शेजारी ठेवून बघण्याची मला खोड आहे, त्यामुळे आधी आकड्याबद्दलच बोलतो.

लोकसंख्या मोजली जाते ती हद्दीच्या आतली, आणि हद्द कागदावर ठरते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधलं माउंट आयझा हे खाणींचं शहर घ्या. तिथल्या नगरपालिकेची हद्द ४३,००० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे स्वित्झर्लंडपेक्षाही मोठी. लोक मात्र वीस हजारांच्या आत. भागाकार केलात तर दोन चौरस किलोमीटरला धड एक माणूसही येत नाही. प्रत्यक्षात जवळजवळ सगळी वस्ती खाणीला लागून दाटीवाटीने बसलेली आहे. त्याच हद्दीत कॅमूवील नावाचं एक चिमुकलं गावही येतं, ते मुख्य शहरापासून पावणेदोनशे किलोमीटरहून लांब! अशा ठिकाणी 'सरासरी घनता' वाचून काहीच कळत नाही.

दुसरं, मोजलं कुणाला? अमेरिकेत कैद्याची नोंद त्याच्या घरच्या पत्त्यावर होत नाही, तुरुंग असेल तिथे होते. त्यामुळे अ‍ॅरिझोनातल्या फ्लॉरेन्सची २०१० सालची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या वर दिसते, पण त्यातले निम्म्याहून जास्त लोक गजाआड होते. बाजारात दिसणार कोण?

आणि वस्ती फारच लहान असली की आकडाच डळमळतो. अमेरिकेतल्याच नेब्रास्का राज्यातल्या मोनोवाय गावात २०१० साली एकच रहिवासी होती. २०२०च्या जनगणनेत तिथे दोन माणसं दाखवली गेली. दुसरं कुणी राहायला आलं नव्हतं. व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून जनगणना खातं लहान जागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतं. राज्याच्या बेरजेला त्याने धक्का लागत नाही, पण इथे लोकसंख्या थेट दुप्पट झाली.

देशोदेशीची तुलना करणार असाल तर जपूनच करा. डेन्मार्कमध्ये २०० लोकांची सलग वस्तीही शहरी गणली जाते, भारतात किमान ५,००० लागतात (शिवाय घनता आणि शेतीबाहेरच्या रोजगाराच्या अटी आहेतच), आणि जपानमध्ये शहराचा दर्जा मिळायला साधारण ५०,००० लोक हवेत.

आता गजबजीकडे येऊ. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या वस्त्यांवरून मांडलं की छोटं शहर आजूबाजूच्या गावांना सेवा पुरवून जगतं. प्रत्येक सेवेला टिकण्यापुरतं गिऱ्हाईक लागतं, आणि त्या सेवेसाठी माणूस किती लांब जाईल यालाही मर्यादा असते. किराण्यासाठी कुणी तासभर प्रवास करत नाही, शस्त्रक्रियेसाठी करतो. प्रत्येक शहराचं सेवाक्षेत्र दाखवायला त्याने नकाशावर काढलेले नेटके षटकोन मात्र फार मनावर घेऊ नका. मध्ये नदी, घाट किंवा रेल्वेमार्ग आला की ते मोडतात.

म्हणून पाच हजारांचं एखादं शहर घाटाच्या पायथ्याशी असेल, खोऱ्यातल्या सगळ्या वाटा तिथेच उतरत असतील आणि पुढचं मोठं शहर लांब असेल, तर दवाखाना, बँक, गॅरेज, माध्यमिक शाळा सगळं तिथे तग धरतं. तेवढ्याच वस्तीचं दुसरं शहर मोठ्या शहरापासून अर्ध्या तासावर असेल तर लोक सकाळी तिकडे कामाला जातात आणि खरेदीही तिकडेच उरकून येतात. रस्ता सुधारला की हे आणखी वाढतं. चांगला रस्ता माणसं आणतो तसा नेतोही, हे विकासाच्या आराखड्यांत फारसं लिहिलेलं नसतं.

तुमच्या त्या दोन शहरांसाठी एवढं करून बघा: प्रत्येकापासून पुढच्या मोठ्या शहराला जायला किती वेळ लागतो ते काढा, आणि आसपासच्या किती गावांना तेच सगळ्यात जवळचं पडतं ते नकाशावर मोजा.