मऊ चेंडू दिला तर मुलगा भित्राच राहील का?

"ताई, तो चेंडूला घाबरतो. कोच म्हणतात मऊ चेंडू द्या. पण मऊ चेंडूची सवय लागली तर कायमचा भित्रा नाही का राहणार?"

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या, मूळ दादरच्या एका बाबांचा हा प्रश्न. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत.) मुंबईत क्रिकेट खेळून मोठे झालेले वडील ही काळजी माझ्यापाशी पुन्हापुन्हा बोलून दाखवतात.

मुलगा नऊ वर्षांचा. लिटल लीग म्हणजे मुलांच्या बेसबॉलची लीग. तिच्यात मुलांनीच मुलांना चेंडू टाकायचे, असं त्याचं ते पहिलं वर्ष. नऊ वर्षांच्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, नेम तो कितीसा असणार? दुसऱ्याच सामन्यात चेंडू बरगडीवर बसला. काळानिळा डाग आठवड्यात गेला, पण तेव्हापासून पिचरच्या हातून चेंडू सुटला की याचा पुढचा पाय आपोआप बाहेर पडायचा. बाबा रोज संध्याकाळी मागच्या अंगणात तोच कडक चेंडू टाकत आणि "पाय हलवू नकोस" म्हणत. तीन आठवड्यांत सरावाच्या दिवशी पोराचं पोट दुखू लागलं.

मी त्याला विचारलं, "चेंडू येताना तुला काय दिसतं?"

"काहीच नाही. डोळे मिटतात."

इथेच मला गाठ सापडली. डोळे मिटणं, अंग चोरणं हे शरीर स्वतःला वाचवायला करतं. त्यावर ओरडून उपयोग नसतो. मिटल्या डोळ्यांनी शंभर चेंडू खेळलं, तर सराव डोळे मिटण्याचाच होतो.

मग बाबांना विचारलं, सीझन बॉल पहिल्यांदा कधी खेळलात? "तेरा वर्षांचा असेन. शाळेच्या नेट्समध्ये." आणि त्याआधी? ते जरा थांबले. "गल्लीत. आधी रबरी, मग टेनिस बॉल." टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्याही आत, बेसबॉल 142 ते 149 ग्रॅमचा. सहा-सात वर्षांची जी पायरी गल्लीने बाबांना न मागता दिली, ती या मुलाच्या वाट्याला आलीच नव्हती. हे मी बोलले नाही. त्यांचं त्यांनाच उमगलं.

पुढच्या वेळी घरातले सगळे चेंडू पिशवीत भरून आणायला सांगितलं, काही मी आणले. मुलाने एकेक अंगठ्याने दाबून पाहिला आणि कमी भीतीपासून जास्त भीतीकडे अशी रांग लावली. पहिला भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा विफल (Wiffle) बॉल. कनेक्टिकटमधल्या एका वडिलांनी 1953 साली आपल्या बारा वर्षांच्या मुलासाठी तो बनवला होता. ही गोष्ट ऐकून बाबा हसले. मग फोमचा. मग मऊ गाभ्याचे: शिवण आणि आकार बेसबॉलचाच, वर लेव्हल 1, लेव्हल 5 असे आकडे, आकडा लहान तितका गाभा मऊ. शेवटी खरा कडक चेंडू.

कडक चेंडू बंद करायला मी सांगितलं नाही. तो टीवर, म्हणजे कमरेएवढ्या उभ्या दांडीवर, ठेवायचा आणि जाळीत मारायचा. थांबलेल्या चेंडूची भीती नसते, आणि बॅटला त्याचं वजन कळत राहतं. टाकायचा चेंडू मात्र त्या दिवशी मुलगा निवडेल तो. विफल बॉल हवेत वळतो, पटकन मंदावतो, त्यावर खऱ्या चेंडूचं टायमिंग येत नाही. पण उघड्या डोळ्यांनी चेंडू बॅटवर येताना पाहायला तो पुरतो. पाय जागेवर राहू लागला की पुढचा चेंडू. हेल्मेट सगळ्या पायऱ्यांवर. मऊ चेंडूने इजेचा धोका कमी होतो, संपत नाही.

दोन आठवडे छान गेले. मग बाबांचा धीर सुटला. लेव्हल 1 च्या चेंडूंत त्यांनी गुपचूप एक कडक चेंडू टाकला, "त्याला कळतं का बघायला". बॅटला लागताच मुलाला कळलं. त्याने बॅट खाली ठेवली आणि चार दिवस अंगणात पाऊल टाकलं नाही.

मला त्या बाबांबद्दल फार वाटलं. हेतू वाईट नव्हता. पण मुलगा त्या रांगेवर विसंबून उभा राहत होता, आणि रांग खोटी निघाली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आता तंत्राचं काही बोलू नका, आधी माफी मागा. त्यांनी माझ्यासमोरच मागितली. "बाळा, मी तुला फसवलं. परत नाही करणार." मुलगा काही बोलला नाही, पण त्या संध्याकाळी त्याने विफल बॉल काढला. पुन्हा पहिल्यापासून.

जूनपर्यंत तो लेव्हल 5 वर आला होता. सामन्यात पाय अजूनही कधीकधी बाहेर जायचा, पण डोळे उघडे असायचे. शेवटच्या भेटीत बाबांनी सांगितलं: आदल्या दिवशी त्याने स्वतःच कडक चेंडू त्यांच्या हातात ठेवला. "बाबा, याचे फक्त पाच. आणि लांबून टाका."

त्यांनी पाचच टाकले.