आधी प्रश्न पक्का कर, मग दुसऱ्यांच्या दारात जा

मध्ययुगीन इतिहासावर काम करायचंय असा तुझा मेल नीट वाचला. इंटरडिसिप्लिनरी, म्हणजे अनेक विषय जोडून काम करणं, हा शब्द त्यात सगळीकडे आहे, पण मध्ययुगीन युरोपबद्दल तुला नेमकं काय शोधायचंय ते काही सापडलं नाही गं. उत्साह बघून मनापासून आनंद झाला, म्हणूनच स्पष्ट लिहितोय.

डालहाइमचं उदाहरण घे. जर्मनीतल्या नन्सच्या मठाची दफनभूमी, तिथली एक बाई, साधारण 1000 ते 1200 च्या दरम्यान वारलेली, ती काय खायची ते कळावं म्हणून तिच्या दातांवरचा टार्टर, म्हणजे दातांवर साचून कडक झालेला थर, तपासायला घेतला आणि त्यात निघाले निळे कण! लापिस लाझुलीचे. हा दगड तेव्हा अफगाणिस्तानातून यायचा आणि त्याचा रंग हस्तलिखितांसाठी प्रचंड महाग पडायचा. आता मशीनने काय सांगितलं, तर कण कशाचे आहेत एवढंच. ते तोंडात गेले कसे? औषध म्हणून पूड घेतली असेल, रंग कुटताना धूळ गेली असेल, भक्तीने चित्रांचं चुंबन घेतलं असेल, किंवा रंगवताना ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक केलं असेल. इथे त्या काळचं वैद्यक, उपासना, रंग बनवायच्या कृती वाचलेली माणसं लागतात, लॅब एकटी काही करू शकत नाही. सगळं तोलून 2019 च्या पेपरात ब्रशची शक्यता सगळ्यात पुढे आली, म्हणजे ही बाई स्वतः हस्तलिखितं रंगवणारी असावी, आणि हे अशा मठातून कळतंय ज्याची कागदपत्रं फारशी उरलेलीच नाहीत. मला हे फार भारी वाटतं.

पण गोष्ट पटकन जुळली की जरा थांबायचं. लंडनमध्ये स्पिटलफिल्ड्सला सामूहिक कबरी सापडल्या तेव्हा 1348 ची प्लेग डोळ्यासमोर येणं साहजिकच होतं, पण रेडिओकार्बनने, म्हणजे हाडांचं वय काढायच्या चाचणीने, त्यातल्या बऱ्याच 1250 च्या आसपास नेल्या, मग इंडोनेशियातल्या सामालास ज्वालामुखीचा 1257 चा स्फोट कारण म्हणून पुढे आला, की त्याने हवा थंड होऊन पिकं बुडाली आणि माणसं मेली असावीत, त्याच्या खुणा ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडच्या बर्फात आहेत, आणि 1258 च्या दुष्काळाचं वर्णन तर त्या काळच्या इंग्लिश मठवासी इतिहासलेखक मॅथ्यू पॅरिसने लिहूनच ठेवलंय. सगळं कसं छान बसलं ना? त्यावर आर्थिक इतिहासवाल्यांनी दाखवलं की इंग्लंडमधली धान्याची टंचाई स्फोटाच्या आधीपासूनच सुरू होती. रेडिओकार्बन तुला काही दशकांचा पट्टा देतो, क्रॉनिकल, म्हणजे वर्षवार घटनांची नोंद, लिहिणारा थेट वर्ष सांगतो, हे दोन्ही एकाच मापाने मोजू नकोस. दुसऱ्या विषयातला निष्कर्ष उचलायच्या आधी तो किती कच्चा-पक्का आहे ते त्यांनाच विचार, ते सांगतात, फक्त कोणी विचारत नाही.

लॅटिन आणि जुनी अक्षरं वाचणं मात्र आत्ताच पक्कं कर, त्याला पर्याय नाही. तुझ्याकडे स्वतःचं काही असेल तरच समोरचा तुझ्याशी बोलेल.

आणि कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुनी हस्तलिखितं जपणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या लोकांना विसरू नकोस. चर्मपत्र साफ करताना ते खोडरबर घासतात, त्या कचऱ्यातल्या प्रोटीनवरून कातडं वासराचं, शेळीचं की मेंढीचं ते आता ओळखता येतं, हस्तलिखिताचा तुकडाही न कापता. आधी हा कचरा सरळ फेकून द्यायचे. त्यामुळे तुझी पहिली भेट एखाद्या प्रोफेसरपेक्षा अशाच माणसाशी ठरव, दिवसभर शेजारी बसून बघ. ठरली की कळव, विचारायचे प्रश्न आधी मला पाठव, मी बघून देतो.