टाचेची शीर शिवल्यावर ‘व्यायाम थांबला तर मी संपलो’ असं वाटतं तेव्हा

अकिलिस टेंडन म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड शीर. तिची शस्त्रक्रिया झालेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच काळजी घेऊन. ‘असाच पडून राहिलो तर शरीर उतरेल, पोट सुटेल, मग पुन्हा उभा राहणार नाही. काहीतरी व्यायाम सांगा.’ व्यायाम कोणता आणि कधी, हे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतात. पण भीती इतकी दाटलेली असते की त्यांचं सांगणं कानांवरून जातं. त्या भीतीवर बोलायचं माझं काम तिथं सुरू होतं. साताऱ्याजवळच्या एका गृहस्थांची हकिकत त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वय चाळिशीच्या थोडं पुढे. पोलीस आणि सैन्यभरतीच्या पोरांना मैदानावर तयार करतात. गाव त्यांना ‘मेजर’च म्हणतं. १०० मीटरचा स्टार्ट कसा घ्यायचा हे पोरांना दाखवताना मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. ही शीर तुटलेली कितीतरी माणसं नेमकं हेच सांगतात. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली, पाऊल हललं नाही. काही दिवसांत शस्त्रक्रिया झाली.

माझ्याकडे आले तेव्हा तिसरा आठवडा चालू होता. टाके निघालेले, पायात गुडघ्यापर्यंतचा बूट, बगलेत कुबड्या. बरोबर पत्नी. खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, “मॅडम, ह्ये पहाटे चारला उठून जोर मारत्यात. दार लावून, बूट काढून.”

मेजर शांतपणे म्हणाले, “दुखत न्हाई मॅडम. दुखलं असतं तर थांबलो असतो.”

या वाक्याची मला फार धास्ती वाटते. फौजेत, तालमीत, पळणाऱ्यांत माणूस दुखण्याकडे बघून अंदाज बांधायला शिकतो. पण शिवलेल्या शिरेचं दुखणं आधी थांबतं आणि ताकद फार नंतर येते. पहिल्या काही आठवड्यांत तिथं भरलेला ऊतक कच्चा, विस्कळीत तंतूंचा असतो. ते तंतू एका दिशेनं ओढून बसायला, घट्ट व्हायला महिने जातात. वर्षभरही काम चालूच असतं. शीर पुन्हा तुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या सुमारे तीन महिन्यांत. आणि ती बऱ्याचदा ठरवून केलेल्या व्यायामात तुटत नाही, तर न्हाणीघरात पाय घसरून, जिन्याची पायरी चुकून किंवा खड्ड्यात पाय जाऊन.

दुसरं नुकसान लोकांना माहीतच नसतं, म्हणून त्यावर मी जास्त वेळ घालवते. शस्त्रक्रियेनंतर पाऊल खाली झुकलेलं ठेवतात आणि बुटात टाचेखाली पाचरी घालतात. त्या एकेक करून, डॉक्टरांच्या वेळापत्रकानं काढायच्या. त्याआधी पाऊल वर खेचलं तर शीर तुटली नाही तरी लांब होऊन जुळते. लांबलेल्या शिरेला पोटरी कितीही जोर लावू दे, चवड्यावर उचल येत नाही, आणि ते नंतर सुधारणं अवघड. आता जोर मारताना काय होतं ते पाहा. कंबर मागे वर गेली की टाच जमिनीकडे दाबली जाते. सूर्यनमस्कारातल्या पर्वतासनात तेच. उकिडवं बसण्यात तेच, म्हणून देशी संडासही या काळात नको. गावाकडं हात धरून ‘जरा ताण दे, मोकळा होईल’ म्हणणारे भेटतात आणि टॉवेल चवड्याला अडकवून ओढायला सांगतात. टाक्यांच्या जागी तेल चोळणारेही भेटतात. दोन्हींना नम्रपणे नाही म्हणा.

हे सगळं मेजरांना फिजिओथेरपिस्टनं आधीच सांगितलं होतं. त्यांना ते पाठही होतं. म्हणून मी पायाबद्दल बोलणं सोडलं आणि विचारलं, बसून राहिलात तर नेमकं काय होईल?

बऱ्याच वेळानं म्हणाले, “खुर्चीत बसून शिट्टी मारणाऱ्याचं कोण ऐकतंय? मी पुढं पळतो म्हणून पोरं मागं पळत्यात.”

पोट सुटण्याची भीती वरवरची होती. खाली होती ती मान जाण्याची, आणि त्यामागं घरखर्चाचीही. त्या भीतीला ‘विश्रांती घ्या’ हे उत्तर नाहीच. मी विचारलं, नवीन पोरगं पहिल्या दिवशी म्हणालं की मला आजच १६०० मीटर टायमात मारायचंय, तर काय करता?

“नडगी धरती त्याची. पयले दोन आठवडे मी चालवतोच.” मग पत्नीकडे न बघता म्हणाले, “कळलं.”

एवढ्यावर सगळं सुटलं असं नाही. त्यांना हाताला काम हवं होतं आणि ते रास्तच होतं. त्यांच्यासमोरच फिजिओथेरपिस्टला फोन लावला आणि यादी केली. बूट घालूनच उताणं झोपून गुडघा सरळ ठेवत पाय उचलणं, कुशीवर आणि पालथं तेच. खुर्चीत बसून डंबेल्स. चांगल्या पायाला रबरी पट्ट्याचा व्यायाम. एका पायाला ताकदीचा व्यायाम दिला की बांधलेल्या पायाची ताकदही थोडी टिकते, हे अभ्यासांतून दिसलं आहे. मेजरांना ही गोष्ट सर्वांत आवडली. घोट्याची हालचाल फक्त शिकवलेली आणि शिकवलेल्या हद्दीपर्यंत. चांगल्या पायावर लंगडी घालत घरात फिरणं बंद. पायांची उंची सारखी राहावी म्हणून दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट, नाहीतर कंबर धरते. न्हाणीघरात स्टूल आणि कमोडची खुर्ची. मोटरसायकल नाही. एका पायात गिअर, दुसऱ्यात ब्रेक, त्यामुळे कुठलाही पाय असला तरी नाही.

पत्नीला वाटत होतं, पाय हलवलाच नाही तर उत्तम. तेही बरोबर नव्हतं. पाय खाली सोडला की जांभळा पडतो, ठणकतो, हे बघून त्या घाबरल्या होत्या. सुरुवातीला असं होतं आणि पाय छातीच्या वर उशीवर ठेवला की उतरतं. न उतरणारी पोटरीची सूज, पोटरी दगडासारखी होऊन दुखणं ही मात्र रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. छातीत कळ आली किंवा धाप लागली तर एक मिनिटही थांबायचं नाही, थेट रुग्णालय. जखमेतून पाणी-पू किंवा ताप आला तरी लगेच कळवायचं. हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं. जोर मारतात का यावर लक्ष ठेवायला मात्र सांगितलं नाही. नवऱ्यावर पहारा ठेवायचं काम बायकोला देऊ नये. त्यानं घरात भांडणं वाढतात आणि दार आतून लावलं जातं.

तंबाखूचाही विषय निघाला. या शिरेला मधल्या भागात रक्तपुरवठा मुळात कमी, त्यात तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते. त्यांनी ती कमी केली. सोडली नाही.

मैदानावर ते जाऊ लागले, एका खुर्चीत स्वतः आणि दुसरीवर पाय. स्टॉपवॉच हातात. दोन-तीन पोरं दुसरीकडं गेली, बाकीची राहिली.

सातव्या आठवड्यात फोन आला. “मॅडम, एकदम भारी वाटतंय. बूट आजच काढावा म्हणतो.” बरं वाटायला लागतं तेव्हाचे हे आठवडे मला पहिल्यांपेक्षा अवघड वाटतात, म्हणून त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं. बूट डॉक्टरांनी सांगितल्यावरच काढायचा, आणि त्यानंतरही घराबाहेर काही दिवस टाचेला उंची असलेले बूट घालायचे, यावर आम्ही दोघं पुन्हा बसलो. वैतागले, पण थांबले.

आता त्यांना पाचवा महिना आहे. शस्त्रक्रियेच्या पायावर एकट्यानं टाच उचलून चवड्यावर उभं राहता येतं. ते जमल्यावरच फिजिओथेरपिस्टनं सपाट मैदानावर हळू पळायला परवानगी दिली, तीही एक दिवसाआड. पोरांना यवतेश्वरच्या घाटात पळवायला ते अजून जात नाहीत. चढावर ही शीर जास्त ताणली जाते, त्यामुळे घाट त्यांच्या यादीत शेवटी आहे.