समुद्रकाठची वाट आणि परतीची गाडी

सिडनीहून दक्षिणेला, एक-दोन दिवसांत उरकता येतील अशा किनाऱ्यावरच्या पायवाटांबद्दल आणि गावांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आई-बाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेत. दोघंही सत्तरीत, आईचे गुडघे कुरकुरतात. आमच्याकडे गाडी नाही. समुद्र, थोडं चालणं आणि एखादं छोटं गाव एका दिवसात जमेल का?

जमेल. कायामाला जा. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून थेट गाडी आहे, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या धरा. स्टॅनवेल पार्कच्या पुढे समुद्र त्याच बाजूला येतो आणि बराच वेळ सोबत करतो.

शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टी या दिवशी ओपलची (इथल्या सार्वजनिक वाहनांच्या प्रवास-कार्डाची) दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा जेमतेम 10 डॉलरच्या घरात असते, म्हणून या सहलीला तेच दिवस स्वस्त. मात्र रुळांची दुरुस्तीही शनिवार-रविवारीच काढतात आणि मग अर्धा प्रवास बसने होतो. आदल्या रात्री वेळापत्रकात ते बघून घ्या. बस असेल तर पुढच्या आठवड्यावर ढकला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बस-गाडी-बस करायला लावू नका. प्रत्येकाकडे वेगळं कार्ड हवं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. पाहुण्या ज्येष्ठांना इथल्या ज्येष्ठांची सवलत मिळत नाही, त्यांचं तिकीट पूर्ण. मुलं 4 ते 15 वर्षांची असतील तर त्यांच्यासाठी चाइल्ड ओपल घ्या, कारण बँकेचं कार्ड टेकवलं की मोठ्या माणसाचे पैसे कापले जातात.

स्टेशनपासून ब्लोहोल पॉइंट चालत पंधराएक मिनिटांवर आहे, शेवटी थोडासा चढ. वाटेत बंदर लागतं, बाकंही आहेत. खडकातल्या कमकुवत चिरेतून लाट आत घुसते आणि वरच्या भोकातून फवारा उडवते, त्या जागेला ब्लोहोल म्हणतात. इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज बासने 1797 साली होडीतून या किनाऱ्याने जाताना त्याची नोंद केली होती. शेजारचा पांढरा दीपस्तंभ 1887चा. पण फवारा बघायचाच असेल तर लाटांची दिशा आधी बघा. आग्नेयेकडून लाट येत असेल तर पाणी उंच उडतं, समुद्र शांत असेल तर नुसती गुरगुर ऐकू येते आणि लोक हिरमुसून परततात. लाट ईशान्येची असेल तर दोनेक किलोमीटर दक्षिणेला असलेलं लिटल ब्लोहोल जास्त चांगलं चालतं.

दुपारी कॉलिन्स स्ट्रीटवरची दगडखाणीतल्या कामगारांची 1886ची लाकडी घरं बघा. आता तिथे दुकानं आहेत. या गावच्या बसॉल्टची खडी सिडनीच्या रस्त्यांना आणि रुळांना गेली. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर ज्यांच्या डोळ्यांत बसलाय, त्यांनी एक स्टेशन अलीकडे, बॉम्बोला उतरून जुन्या खाणीतले खांबांसारखे उभे खडक जरूर बघावेत. आईंना मात्र तिथे नेऊ नका, जमीन खडबडीत आहे.

प्रश्न : कायामा ते जेरिंगाँग ही किनाऱ्याची वाट करायची आहे. सगळे उत्तरेकडून सुरू करतात, तेच बरोबर का?

आमचा सल्ला उलटा आहे. जेरिंगाँगहून सुरू करा.

पहिलं कारण गाड्या. विजेची गाडी कायामालाच संपते. पुढे डिझेलची छोटी गाडी, तीही तासा-दोन तासांनी. दक्षिणेकडे चालत गेलात आणि ती पाच मिनिटांनी हुकली, तर थकल्या पायांनी जेरिंगाँगच्या फलाटावर बसून राहावं लागतं. ती गाडी सकाळी, ताजेतवाने असताना पकडा. कायामाहून परतीला साधारण तासाला गाडी असते, शिवाय वाट बघायला चहा-कॉफी मिळते.

दुसरं कारण वेरी लगून. वेरी बीचच्या उत्तर टोकाला वाळूच्या दांड्यामागे पाणी साठलेलं असतं. एरवी दांड्यावरून कोरड्या पायांनी पलीकडे जाता येतं. मोठा पाऊस झाला की दांडा फुटतो आणि पाणी जोरात समुद्राकडे धावतं. उत्तरेकडून आलात तर हे कळायच्या आत वाट जवळजवळ संपलेली असते, आणि समोर पाणी. जेरिंगाँगहून निघालात तर अर्ध्या-पाऊण तासात समजतं. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा ओढ जाणवत असेल तर मागे फिरा. पोरांना खांद्यावर घेऊन पार करायचा प्रयत्न करू नका.

लगूनपासून कायामा हाइट्सजवळच्या लव्ह्ज बेपर्यंतचा 6 किलोमीटरचा भाग म्हणजे या वाटेचा जीव. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला गाईंची कुरणं, घळींमध्ये छोटे पण दमवणारे चढ-उतार. इथे झाड नाही, नळ नाही, शौचालय नाही. स्टेशन ते स्टेशन धरलं तर दिवसाचं चालणं दुपटीहून जास्त होतं, म्हणून पाच तास आणि माणशी दोन लिटर पाणी धरा, उन्हाळ्यात तीन.

भारतातून आलेल्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट : इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उत्तरेकडे चालताना ऊन तोंडावर येतं. टोपीला पुढे रुंद काठ हवा, आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक 11च्या वर जातो, तेव्हा गार वारा असला तरी कातडी भाजते. मे ते नोव्हेंबर हे महिने उत्तम. कुबडे देवमासे आधी उत्तरेला जाताना आणि सप्टेंबरनंतर पिल्लांसह परतताना दिसू शकतात. जूनमध्ये पाचच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा अकराच्या पुढे सुरुवात करू नका.

प्रश्न : रॉयल नॅशनल पार्कची कोस्ट ट्रॅक एका दिवसात होते का? आम्ही सिंहगड नियमित चढतो.

होते, पण सिंहगडाच्या भरवशावर ठरवू नका. बंडीना ते ऑटफर्ड 26 किलोमीटर, पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर उतरायचं आणि पुन्हा कड्यावर चढायचं. तंदुरुस्त माणसालाही आठ ते दहा तास. सगळ्यात मोठे चढ ऑटफर्डच्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडून निघालात तर नेमके शेवटी. वाटेत पिण्याचं पाणी नाही. नॉर्थ इराच्या तंबूतळावरही नाही, आणि तिथे राहायचं तर आरक्षण आधी लागतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑटफर्ड ते बर्निंग पाम्सचा किनारा जाऊन-येऊन करावं, सुमारे 10 किलोमीटर. स्टेशनातून बाहेर पडताच खडा चढ, मग कडा, मग ताडासारख्या कॅबेज पाम्सचं दाट, ओलसर रान. रानात पावसानंतर जळवा असतात, चिमूटभर मीठ खिशात ठेवा. ऑटफर्डचा फलाट आखूड आहे, कुठल्या डब्यांचे दरवाजे उघडणार ते गाडीतल्या घोषणेत ऐका.

उत्तरेकडचा भाग सपाट आणि उघडा. क्रोनलाहून बोटीने अर्ध्या तासात बंडीना, तिथून वॉटामोलापर्यंत जवळपास 10 किलोमीटर. वॉटामोलाहून सार्वजनिक वाहन नाही, तेव्हा परत चाला किंवा कुणाला गाडी घेऊन बोलवा. वाटेतला पांढराशुभ्र वेडिंग केक रॉक 2015पासून कुंपणाआड आहे, कारण त्याखालचा आधार झिजला आहे. फोटोसाठी कुंपण ओलांडणारे अजूनही दिसतात. दंड होतो, आणि तो झाला तर नशीब चांगलं म्हणायचं.

निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावरच्या सूचना वाचा. वणव्याचा धोका किंवा अतिवृष्टी असेल तर वाटा बंद करतात. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. आपत्कालीन बीकन (संकटात उपग्रहामार्फत आपली जागा कळवणारं छोटं यंत्र) काही पोलीस ठाण्यांत आणि उद्यान कार्यालयांत फुकट वापरायला मिळतो, फक्त आधी अर्ज भरावा लागतो.

प्रश्न : फिगर एट पूल्सला ओहोटीच्या वेळी गेलं की झालं ना? आम्ही मालवणचे, समुद्र नवा नाही.

नाही झालं. ही रॉयल नॅशनल पार्कच्या किनाऱ्यावरच्या खडकातली, इंग्रजी आठच्या आकाराची नैसर्गिक कुंडं. कोकणात भरती-ओहोटीत पाणी कितीतरी मागे-पुढे होतं, म्हणून आपण घड्याळ ओहोटीला लावतो. सिडनीला हा फरक फार तर दोन मीटरचा. इथे धोका दूरवरच्या वादळातून आलेल्या लाटेचा. ऊन स्वच्छ, वारा पडलेला, आणि तरी एखादी लाट अख्ख्या खडकावरून धुऊन जाते. तिथे माणसं खडकावर आपटून जबर जखमी झाली आहेत. ओहोटी हवीच, पण त्याबरोबर उद्यानाचा त्या जागेसाठीचा रोजचा लाटांचा अंदाजही बघा. धोका कमी नसेल तर जाऊ नका. खडकावर असताना समुद्राकडे पाठ करू नका.

प्रश्न : फिरून आल्यावर मुलीच्या कानामागे गोचीड सापडली. घरी ओढून काढली, ते चाललं का?

पुढच्या वेळी ओढू नका. दाबली की ती लाळ आत सोडते आणि त्यातून तीव्र ॲलर्जी होऊ शकते. इथला सल्ला असा : औषधाच्या दुकानातून गोचीड गोठवण्यासाठीचा ईथरयुक्त स्प्रे घ्यायचा, तिला जागच्या जागी मारायचं आणि आपोआप गळू द्यायचं. रॉकेल, तेल, हळद काही नको. श्वास लागला, चेहरा किंवा जीभ सुजली तर लगेच 000 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. घरी आल्यावर केसांची मुळं, कानामागे, काखा आणि जांघा तपासा.

प्रश्न : अशा गावांत शाकाहारी जेवण कुठे मिळतं?

कुठे यापेक्षा किती वाजता, हे आधी विचारा. बहुतेक कॅफेंची स्वयंपाकघरं दोन-अडीचला बंद होतात. पबमध्ये दुपारचं जेवण साधारण बारा ते अडीच, रात्रीचं सहा ते साडेआठ, आणि सोमवार-मंगळवारी बरीच दारं बंदच. चिप्स बऱ्याचदा मासे तळलेल्याच तेलात तळतात, कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. दशम्या, धपाटे आणि लसणाची चटणी बरोबर असेल तर हा प्रश्न उरत नाही. फक्त बाकावर डबा उघडा ठेवून वळू नका, सीगल झडप घालतात. आणि कचरा परत आणा, उद्यानातल्या बहुतेक वाटांवर कचराकुंडी नसते.